मार कुठं थांबला?

पोरी, तू पाठवलेले फोटो काल रात्री दोनदा बघितले. एकवीस फोटो, त्यातले अठरा मोडलेल्या डाव्या कोपऱ्याचे. चुरगळलेलं मडगार्ड, फुटलेला दिवा, आत घुसलेला रेडिएटर. उरलेल्या तिनात तू उजव्या बाजूला उभी आहेस, आणि तुझ्या चेहऱ्यावरून कळतंय की मनातून तू गाडी घेऊन मोकळी झालीस. डिकीचा एकही फोटो नाही. मागच्या चाकांचा नाही, दाराच्या फटींचा नाही, खालचा तर नाहीच. म्हणून लिहायला बसलो. फोनवर बोललो असतो तर तू "हो मामा, हो मामा" म्हणाली असतीस आणि शनिवारी जाऊन पैसे देऊन आली असतीस.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मी हातोडी धरायला शिकलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. एकदा आमच्याकडे झाडाला धडकलेली स्टँडर्ड हेरल्ड आली, मद्रासला बनायची ती. मी उत्साहाने पुढच्या बाजूला जाऊन बसलो, कारण मोडतोड तिथं होती. वस्तादांनी मानगूट धरून मला उठवलं आणि डिकीपाशी नेऊन उभं केलं. म्हणाले, "मार कुठं लागला ते कुणीबी सांगंल. मार कुठं थांबला ते सांग."

एवढंच ते वाक्य. पण १९७१ साली मी कव्हेंट्रीला आलो, पुढची चाळीस वर्षं इथल्या गाड्यांचे पत्रे ठोकले, आणि मोडलेली गाडी जोखायची याच्यापेक्षा चांगली रीत मला कुणी शिकवली नाही. पत्र्याला धक्का बसला की तो बसल्या जागी संपत नाही. तो पत्र्यातून पुढे सरकतो, सांध्यासांध्यातून वाट काढतो, आणि जिथं मऊ जागा सापडेल तिथं घडी पाडून थांबतो. जिथं लागला तो भाग बहुतेक वेळा विकत मिळतो. जिथं थांबला तो भाग म्हणजे गाडी.

आता तुझी गाडी. १९६७ची एमजीबी, उघडी, टपाची नव्हे. हिला वेगळा चॅसिस नाही. हेरल्डला होता, आणि हेरल्डच्याच चॅसिसवरून पुढे काढलेल्या ट्रायम्फ स्पिटफायरलाही होता. तिथं वरचं अंग उचलून बाजूला ठेवता येतं आणि खालचा सांगाडा नुसत्या डोळ्यांनी जोखता येतो. एमजीबीचं अंग आणि सांगाडा एकच. त्यात डोक्यावर पत्र्याचं छप्पर नाही, म्हणजे पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा एकमेकांना धरून ठेवायचं काम दोन्ही दारांखालच्या उंबऱ्यांवर आहे. इथं त्याला सिल म्हणतात. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत तीन थर आहेत: बाहेरचा, मधला पडदा आणि आतला. त्या तिघांत दम आहे तोवर गाडी सरळ आहे.

आणि आता ऐक, ज्या मडगार्डाचे तू दहा फोटो काढलेस ते बोल्टचं आहे. पुढची दोन्ही मडगार्डं बोल्टवर बसतात. एका दुपारी निघतात, एका दुपारी बसतात. बोनेट, ग्रिल, बंपर, रेडिएटर, सगळं सुटं. पुढची चाकं, विशबोन, स्प्रिंगा हेसुद्धा एका आडव्या जाड क्रॉसमेंबरवर बसवलेत, आणि तो चार लांब बोल्टवर गाडीला टांगलाय. तोच वाकला असेल तर दुसरा मिळेल. मागची मडगार्डं मात्र वेल्ड केलेली. म्हणजे ज्याला तू घाबरायला हवंस ते तुझ्या फोटोत नाही, आणि जे फोटोत आहे त्याला घाबरायचं कारण नाही.

शनिवारी गेलीस की पहिला अर्धा तास मोडलेल्या कोपऱ्याकडे फिरकू नकोस. डिकीपासून सुरू कर. डिकीचं झाकण दोन्ही बाजूंना सारखं बसतंय का बघ. आतलं जाजम काढ, तळाचा पत्रा हाताने चाचप. सुरकुती डोळ्याला दिसण्याआधी हाताला लागते. मग दारं.

दारांवर वेळ घालव. दार बंद करून मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघ. फट अरुंद असेना, रुंद असेना, वरखाली सारखी असेल तर मला आनंद आहे. वर चिकटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मधोमध बसली आहे, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्या घोड्यासारखी. हे अपघाताने होतं, तसंच उंबरे आतून कुजल्यानेही होतं, आणि कित्येकदा दोन्ही मिळून होतं: कुजलेल्या गाडीला हलका मार पुरतो. मग एक कर. जॅक पुढच्या चाकामागे, गाडीच्या तळाच्या लांब दांड्याखाली लाव आणि गाडी हळूहळू उचल. कुणाला तरी दाराच्या फटीत बोट धरून उभं कर. चाक जमिनीवरून सुटेपर्यंत फट हलली, बोट चिमटलं, तर उंबऱ्यात जीव नाही. मालक म्हणेल दाराचे बिजागर सैल झालेत. बिजागराने दार खाली झुकतं, ते धरून वर उचललं की हातात खेळ कळतो. गाडी उचलल्यावर फट बदलते ती बिजागराने नव्हे.

उजवी बाजू, जिथं काहीच झालेलं नाही असं तो सांगतोय, तिथं दुप्पट बघ. डाव्या कोपऱ्यावर मार बसला की पुढचं नाक उजवीकडे ढकललं जातं. उजव्या मडगार्डाची आणि दाराची फट बंद झाली असेल. बोनेट उघडून इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे उभे पत्रे बघ, आणि इंजिन व बसायची जागा यांच्यामधली भिंत, बल्कहेड, ती तर टॉर्च लावून बघ. सांध्यांवर भरलेलं सीलंट चिरलंय का, रंगाला केसाएवढ्या रेषा गेल्यात का, स्पॉट वेल्डच्या ठिपक्यांभोवती रंग उडालाय का. धक्का जातो तिथं तो रंग फोडत जातो. खाली मात्र सगळं ताज्या काळ्या डांबराने माखलेलं असेल तर मालकाला नम्रपणे विचार की हे कधी लावलं. उत्तर काय देतो त्यापेक्षा किती वेळाने देतो ते बघ.

आता मापं. एमजीबीच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ९१ इंच अंतर आहे. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना मोज. डावीकडे कमी भरेल असं मला फोटोवरूनच वाटतंय. कमी भरलं म्हणून लगेच निराश होऊ नकोस, कारण चाक मागे सरकलंय ते सुटा भाग वाकल्याने की अंगच सरकल्याने, हे या मापातून कळत नाही. ते ओळंबा सांगतो.

गाडी सपाट जमिनीवर चार लोखंडी घोड्यांवर घ्यायची, चारी कोपरे सारख्या उंचीवर. मग अंगावरचे ठरावीक बिंदू धरायचे: पुढे क्रॉसमेंबरचे बोल्ट जिथं दांड्यात शिरतात ते, मागे स्प्रिंगच्या पाट्यांचं पुढचं टोक जिथं अडकतं ते आणि शॅकल जिथं टांगलेत ते. डावी-उजवी जोडीजोडीने. प्रत्येक बिंदूपासून ओळंबा सोडायचा, तो झुलायचा थांबू द्यायचा, श्वाससुद्धा धरून ठेवायचा, आणि टोकाखाली जमिनीवर खडूने फुली मारायची. सगळ्या फुल्या झाल्या की गाडी बाजूला करायची. जमिनीवर उरतो तो गाडीचा खरा चेहरा. आता दोघांनी दोरी धरायची आणि कर्ण मोजायचे: पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही सारखे भरले तर अंग चौकोनात आहे आणि मोडलंय ते सगळं सुटं. तीन-चार मिलिमीटरचा फरक मी मनावर घेत नाही, कारखान्यातून निघतानाही तेवढा असायचा. दहाच्या पुढे गेला की गाडी जिगवर चढवून ओढावी लागणार, आणि तुझा हिशेब तिथून बदलतो. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये या बिंदूंची मापं आकृतीसकट दिलेली आहेत; मी माझ्या प्रतीत त्या पानाला खूण घालून ठेवली आहे.

घोड्यांवर घ्यायची सोय नसेल तर निदान पाण्याची परीक्षा कर. गाडी ढकलता येत असेल तर कोरड्या सपाट जागेवर बादलीभर पाणी ओत, चाकं त्यातून सरळ पुढे ढकल, आणि उमटलेले पट्टे बघ. एमजीबीच्या पुढच्या दोन चाकांतलं अंतर ४९ इंच, मागच्या दोहोंतलं पाव इंच जास्त. म्हणजे मागच्या चाकाचा ठसा पुढच्याच्या ठशावर जवळजवळ बरोबर बसायला हवा. एका बाजूला सरकलेला दिसला तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालतेय.

हे सगळं मी इतकं घोळवून सांगतोय, कारण एकदा मीच वस्तादांचं ऐकलं नव्हतं. माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं तेव्हाची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक त्यांची टपाची एमजीबी, निळी जीटी, घेऊन आले. पावसात घसरून कठड्याला पुढून धडकली होती. पुढचं काम माझ्या हातचं होतं, मी ते मन लावून केलं, रंग असा जुळवला की कुणाला सांधा सापडला नसता. तीन महिन्यांनी ते परत आले. मागचं एक टायर एका कडेने झिजून गेलं होतं आणि ब्रेक लावला की गाडी बाजूला जात होती. घोड्यांवर घेतली, ओळंबा लावला. उजव्या पाट्याचं पुढचं टोक जिथं अडकतं ती जागा अकरा मिलिमीटर सरकलेली. गाडी कठड्याला लागण्याआधी गरगर फिरली होती आणि मागचं चाक फुटपाथच्या दगडाला आपटलं होतं. मी विचारलंच नव्हतं. रात्रीरात्री बसून, माझ्या पैशाने, ती सरळ करून दिली. त्यांनी एकही वावगा शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हा शनिवारी मालकाला पहिल्यांदा हे विचार की अपघात कसा झाला. कुठून येत होती, कुठं वळली, आधी काय लागलं, मग काय लागलं, शेवटी कुठं थांबली.

चुंबक बरोबर ने, पातळ फडक्यात गुंडाळलेलं. जिथं धरत नाही तिथं खाली पुट्टी आहे. उंबऱ्यांवर, मागच्या मडगार्डांच्या खालच्या कडेला, दारांच्या तळाशी फिरव. बोनेटवर धरलं नाही तर मात्र मालकाला खोटं ठरवू नकोस. सुरुवातीच्या एमजीबींचं बोनेट ॲल्युमिनियमचं असायचं आणि तुझ्या सालाला ते तसंच हवं. उलट तिथं चुंबक चिकटलं तर बोनेट कधीतरी बदललंय आणि आधीही एक अपघात झालेला असू शकतो. जुन्या गाडीच्या अंगात बहुधा एकाहून जास्त अपघात असतात. तुला दाखवला जातो तो शेवटचा.

इंजिनाची काळजी करू नकोस. १७९८ सीसीचं साधं इंजिन आहे, भाग सगळे मिळतात. पंखा रेडिएटरमध्ये घुसलाय तर पुढची पुली हाताने फिरवून बघ, वेडीवाकडी डोलते का. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव, कुठं अडतंय का. तारांची चाकं असतील तर आरे वाजवून बघ. ढिला आरा बद्द वाजतो. झालं.

हीच रीत दुसऱ्या गाड्यांना लावताना गाडीची घडण आधी समजून घ्यावी लागते. जग्वार ई-टाइपला पुढे नळ्यांचा सांगाडा आहे आणि तो बल्कहेडला बोल्टने जोडलाय. पुढून कितीही चेंदामेंदा झाली तरी पहिला प्रश्न हा की बोल्टच्या मागची भिंत शाबूत आहे का. लोटस एलानचं अंग फायबरचं आणि मधे पोलादाचा एकच कणा. तिथं बाहेरची चीर पाहून काही कळत नाही, आतून टॉर्च लावून बघावं लागतं की तडा कुठवर कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरलाय. कणा बदलता येतो. ज्या गाडीच्या मोजक्याच प्रती निघाल्या तिची गोष्ट आणखी निराळी. तिथं माणसं एका शाबूत क्रमांकाच्या पट्टीसाठी सगळा पत्रा नव्याने घडवतात, आणि ते वाया जात नाही.

एमजीबी तशी नाही. १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर निघाल्या. विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून एमजीबीची नवी कोरी बॉडीशेल विकते, जुन्याच साच्यांवर दाबलेली. यात तुझा फायदाही आहे आणि धोकाही. फायदा हा की असा एकही पत्रा नाही जो तुला मिळणार नाही. धोका हा की मिळतं म्हणून माणूस घेत जातो. नव्या शेलला पाच आकडी पौंड, वर रंग, वर जोडणी, वर क्रोम, रबरं, गाद्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तेवढ्या खर्चात आधीच कुणीतरी जीव ओतून केलेली, चालती, सरळ गाडी तुला मिळून जाईल. म्हणून मोडलेली एमजीबी मी फक्त तेव्हाच घ्यायला सांगेन जेव्हा अंग सरळ आहे, उंबरे जिवंत आहेत आणि मोडलंय ते बोल्टचं. कर्ण चुकला आणि उंबरेही गेले असतील तर तिच्यातलं इंजिन, चाकं, काचा यांची किंमत कर, तेवढीच दे, नाहीतर परत ये.

ही तुझ्या बाबांची गाडी असती तर मी असं म्हटलं नसतं. मग मी तुला पैसे मोजायला लावले नसते, आपण दोघांनी ती कितीही मोडली असती तरी उभी केली असती. पण ही अनोळखी माणसाची गाडी आहे, आणि तिच्यावर तुझा जीव फोटोंमुळे बसलाय.

कागदांकडे येतो. मालक म्हणतोय की विमा कंपनीने "एस" शिक्का मारलाय. ऑक्टोबर २०१७पासून इथं चार वर्ग आहेत. "ए" म्हणजे सगळीच गाडी मोडीत. "बी" म्हणजे भाग काढून घ्या, पण अंग चिरडलंच पाहिजे. "एस" म्हणजे सांगाड्याला मार आहे, दुरुस्त होऊ शकते. "एन" म्हणजे सांगाडा सोडून बाकीचं. म्हणजे मार सांगाड्याला आहे हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. ते कुठं आणि किती, एवढंच आपल्याला शोधायचंय. हा शिक्का दुरुस्तीनंतरही पुसला जात नाही, तेव्हा किंमत ठरवताना आजच तो धर. लॉगबुकातला क्रमांक आणि गाडीवरच्या पट्टीचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवून बघ. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात, कोणत्या इंजिन क्रमांकाची निघाली ते त्यात असतं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, करावी लागत नाही, असं तो तुला मोठ्या खुशीत सांगेल. खरं आहे. अपघातातून उठवलेल्या गाडीची तू ती तरीही करून घ्यायचीस.

आणि घेतलीसच तर दोन गोष्टी आजच ऐकून ठेव, नंतर उशीर होतो. मोडलेला भाग आधी कापू नकोस. ओढायचं आधी, कापायचं मागून, कारण ओढायला पकड त्या चुरगळलेल्या पत्र्याचीच लागते, आणि धक्का ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने उलटा बाहेर काढावा लागतो. दुसरं, उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड करून घ्यायची आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. नाहीतर गाडी हातातल्या हातात वाकते, तू त्यावर नवा उंबरा चढवतेस, आणि ते वाकडेपण कायमचं शिवलं जातं.

शनिवारी सकाळी आठला मी तयार असेन. मला घ्यायला ये. टॉर्च, चुंबक, खडू, सुतळी, मॅन्युअल एवढं पिशवीत भरून ठेवलंय. ओळंबा वस्तादांचा आहे, पितळी. मी निघालो तेव्हा त्यांनी एसटी स्टँडवर हातात दिलेला. घोड्या माझ्या गॅरेजात आहेत, त्या तुझ्या डिकीत टाकू. गुडघ्यांमुळे मला आता गाडीखाली शिरता येत नाही, तेव्हा खाली तू जायचंस आणि खडूच्या फुल्या मी मारायच्या. जुने कपडे घाल. आणि त्याने गेल्या गेल्या पुढचा कोपरा दाखवायला सुरुवात केली तर त्याला म्हण, आधी डिकी उघडा.